तिचा आवाज फारसा नाही

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असं पूर्वज सांगून गेले. मी दोन्ही केलं आहे. (घर बांधून नाही, तिसऱ्या मजल्यावर तयार घेऊन, पण त्रास तोच.) तरीही अनुभवाने सांगतो, या दोन्हींत मिळून माणसाचा जेवढा जीव मेटाकुटीला येत नाही, तेवढा स्वयंपाकघरात चिमणी बसवताना येतो. पूर्वजांच्या स्वयंपाकघरात चिमणी नव्हती, म्हणून ती म्हण मधेच थांबली.

चिमणी म्हणजे शेगडीच्या वर भिंतीला ठोकतात आणि फोडणीचा धूर ओढून बाहेर टाकते, ती. हे आधीच स्पष्ट करून ठेवतो, कारण या एका शब्दापायी मला पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं आहे.

आमच्याकडे ही कल्पना डॉक्टरांनी आणली. बायकोला दोन-तीन महिने खोकला होता. तवा तापला की सुरू व्हायचा, फोडणी पडली की जोर धरायचा. आधी आम्ही हवा बदलली म्हणालो, मग धूळ म्हणालो, मग ती स्वतःच "सवय झाली हो आता" म्हणायला लागली. तिला सवय झाली असेल, मला झाली नव्हती. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठीला नळी लावून श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला आणि म्हणाले, "धूर बंद करा. चिमणी बसवून घ्या. तरी खोकला थांबला नाही, तर छातीचा फोटो काढून बघू."

'बघू' हा शब्द डॉक्टरांनी वापरू नये. बायकोच्या मावशीला असाच खोकला होता. फोटोत डाग निघाला आणि वर्षाच्या आत मावशी गेली. घरी येताना आम्ही दोघंही मावशीबद्दल चकार शब्द बोललो नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल मात्र पुष्कळ बोललो.

चिमणीच्या शोधाला मी लगेच लागलो. आपण एखादी वस्तू घ्यायचं ठरवलं, की तिच्याबद्दल आपल्याखेरीज सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. समोरच्या दारातल्या काकू म्हणाल्या, "चिमणी? मुळीच घेऊ नका. आमच्याकडे आहे ना!"

"चालत नाही का?"

"कुणास ठाऊक. मी कधी लावतच नाही. लावली की खराब होते, मग पुसायची कुणी?"

मेहुण्याला फोन केला. मेहुणा कुठल्याही यंत्राचा जाणकार आहे, निदान फोनवर तरी. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "सक्शन किती आहे?"

"अरे, अजून घेतलीच नाही."

"ते ठीक आहे. पण सक्शन किती?"

मी ज्या छापखान्यात काम करतो, तिथला फोरमन म्हणाला, "बाकी काही बघू नका साहेब, मोटार बघा. सगळं मोटारीवर असतं." हा माणूस प्रत्येक बाबतीत हेच सांगतो. मुलीसाठी नवरा शोधतानाही त्याने फक्त मोटारच पाहिली होती, असं आमच्याकडे बोललं जातं.

एवढी शिदोरी घेऊन आम्ही दुकानात गेलो. विक्रेता तरुण, चटपटीत आणि घामाघूम होता. त्याने माझ्या खिशातला रुमाल मागून घेतला, चिमणीच्या तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. रुमाल 'फट्' करून जाळीला चिकटला. "बघितलंत? हे सक्शन!" तो म्हणाला. रुमाल काढताना त्याचा एक कोपरा आतच राहिला. तो कोपरा अजूनही त्या दुकानात असावा.

मला खरी काळजी आवाजाची होती. पण त्या दुकानात डझनभर टीव्ही एकाच वेळी चालू होते, एका कोपऱ्यात मिक्सरचं प्रात्यक्षिक चाललं होतं आणि शेजारी कुणाचं तरी मूल वॉशिंग मशीनचं झाकण आपटत होतं.

"आवाज?" मी ओरडलो.

"काय?" तो ओरडला.

"आवाज! चिमणीचा आवाज!"

"तुम्हाला येतोय का?"

मी कान देऊन ऐकलं. "नाही!"

"मग?" तो विजयाने म्हणाला, आणि आम्ही ती चिमणी घेतली. बायकोला तिच्या कडा गोल असल्यामुळे ती पसंत पडली, मला ती बायकोला पसंत पडल्यामुळे.

आता परवानगी. आमच्या इमारतीत भिंतीला खिळा मारायचा तरी कमिटीला अर्ज द्यावा लागतो, आणि कमिटी म्हणजे आमच्या बरोब्बर डोक्यावर राहणारे सेक्रेटरी. त्यांचं खरं नाव मागे पडलं आहे, सगळे त्यांना नियमावली म्हणतात. आयुष्यभर सरकारी कचेरीत काढून ते निवृत्त झाले, कचेरी मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नाही.

इथे माझ्या पेशाबद्दल सांगणं भाग आहे. मी मुद्रितशोधक आहे. शाळेची पुस्तकं छापण्याआधी त्यांतल्या चुका लाल शाईने काढतो. भाषेच्या बाबतीत मी स्वतःला थोडाफार समजतो, आणि 'डक्ट', 'एक्झॉस्ट' असले शब्द माझ्या लेखणीतून उतरत नाहीत. तेव्हा मी शुद्ध, सोप्या मराठीत अर्ज लिहिला: "डॉक्टरांच्या सल्ल्यावरून, पत्नीच्या प्रकृतीसाठी, घरात एक चिमणी आणण्याचे योजिले आहे. तिच्याकरिता स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीस लहानसे भोक पाडावे लागेल. दिवसातून दोनदाच तिचे काम पडेल. तिचा आवाज फारसा नाही."

आठवड्याने उत्तर आलं. "पक्षी पाळण्यास हरकत नाही, मात्र तो पिंजऱ्यात ठेवण्यात यावा. भिंतीस भोक पाडून घरटे करू देणे नियमात बसत नाही."

मी तडक वर गेलो. "अहो, डॉक्टर कधी पक्षी लिहून देतात का?"

"आजकाल काहीही देतात," नियमावली शांतपणे म्हणाले. "आमच्या व्याह्यांना मासे पाळायला सांगितलेत. रक्तदाबासाठी."

"मी स्वयंपाकघरातल्या चिमणीबद्दल लिहिलं होतं."

"स्वयंपाकघरात तर मुळीच नको. पिसं उडतात."

पाच मिनिटं हातवारे करून मी त्यांना धूर, शेगडी आणि मोटार समजावून सांगितली. समजल्यावर ते हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "चिमणी म्हणजे आधी पक्षी. हे मी तुम्हाला सांगायचं? आणि तुम्ही मुलांची पुस्तकं तपासता!"

तेवीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. त्यांनी परवानगी दिली, पण तात्पुरती. "आवाजाची तक्रार आली, तर काढावी लागेल. 'तिचा आवाज फारसा नाही' हे तुम्हीच लेखी दिलंय."

मग बसवणारा आला. दमदार माणूस, खांद्यावर ड्रिल, तोंडात खिळे. खिळ्यांतूनच त्याने विचारलं, "बाहेरची भिंत कुठली?" मी बोट दाखवलं. आता भिंतीपलीकडे जिना आहे, आणि जिना आमच्या घराच्या बाहेरच आहे. त्याची चूक नाही, माझीही नाही. चूक 'बाहेर' या शब्दाची आहे. धडधडधड करून भोक आरपार गेलं, धूळ खाली बसली आणि भोकात समोरच्या काकूंचा डोळा दिसला.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "इथून तर तुमचा सगळा ओटा दिसतो. ती निळी बरणी नवीन वाटतं?"

ते भोक बुजवलं, दुसरं पाडलं, आणि संध्याकाळी चिमणी बसली. चकचकीत, गोल कडांची, तीन बटणांची. पहिल्या बटणावर ती नुसती सुस्कारे टाकायची आणि धूर तिच्याकडे बघत खोलीभर फिरायचा. दुसऱ्यावर गुरगुरायची आणि धुराचा विचार करायची. तिसऱ्या बटणावर मात्र धूर गपकन आत जायचा. फक्त त्या वेळी असं वाटायचं, की स्वयंपाकघर आता जमीन सोडून वर उचललं जाणार. ओट्यावरच्या वाट्या एकमेकींवर थरथरायच्या. आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आईने पहिल्या दिवशी खिडकीतून खाली बघितलं, रस्त्यावर काय पडलं म्हणून.

खोकला मात्र आठवडाभरातच निम्मा झाला. त्यामुळे तिसऱ्या बटणाविरुद्ध बोलायची सोय राहिली नाही.

आम्ही ओरडून बोलायला शिकलो. त्यातही सगळं पोहोचायचं नाही. बायको म्हणाली "पीठ आणा", मी मीठ आणलं. ती म्हणाली "मीठ नको हो, पीठ!", त्यातलं पहिलं मीठ मला ऐकू आलं आणि मी पुन्हा मीठ आणलं. एकदा ती "हळद! हळद!" म्हणत होती आणि मी म्हणत होतो, "हळूच बोलतोय की!" प्रत्येक वाक्याला "काय? काय?" करायचा मला कंटाळा यायचा, म्हणून मी बहुतेक वेळा "हो" म्हणायला लागलो. संसारात 'हो'ने सहसा नुकसान होत नाही. प्रेसमध्येही मी ओरडून बोलतो, असं फोरमनने मला ओरडूनच सांगितलं.

आईचं मात्र वाईट वाटायचं. ती रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सुनेशी तास न् तास गप्पा मारायची. आता बायको शेगडीपाशी आणि आई मटार घेऊन गॅलरीत. "मी काय सांगते ते मलाच ऐकू येत नाही," ती म्हणायची, "मग सांगून उपयोग काय?"

आणि वरून तक्रार आली. तक्रार करणारे नियमावली, ती स्वीकारणारे नियमावली, आणि तिच्यावर येत्या रविवारी सकाळी सभा बोलावणारेही नियमावली. विषय एकच: तिसऱ्या मजल्यावरील चिमणी काढून टाकणे. मी बायकोला म्हणालो, "काढायला लागली तर काय करायचं?" ती नुसती खोकली. तो निम्मा राहिलेला खोकला काही केल्या जात नव्हता. डॉक्टर म्हणाले होते ते 'बघू' आता आलं. छातीचा फोटो काढला.

त्याचा निकाल शनिवारी मिळायचा होता. नेमकं त्याच दिवशी भूगोलाचं पुस्तक छपाईला जायचं होतं. "तुम्ही कशाला येताय? निकालच तर ऐकायचाय," बायको म्हणाली. मी कामावर गेलो खरा, पण त्या दिवशी माझ्या नजरेखालून एक नदी समुद्रातून निघून डोंगरात जाऊन मिळाली आणि मला पत्ता लागला नाही. फोनही केला नाही मी तिला. करवला नाही.

संध्याकाळी घरी आलो तर चिमणी तिसऱ्या बटणावर होती आणि बायको पाठमोरी उभी राहून बटाट्याचे काप तळत होती. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मी दारातून ओरडलो, "काय म्हणाले डॉक्टर?"

तिने मान वळवली नाही, कारण काप करपले असते. पण ती सविस्तर बोलली. सुरुवातीचं मला काहीच ऐकू आलं नाही. मग कढई जराशी शांत झाली आणि मधले मधले तुकडे यायला लागले.

"...डाग आहे."

मी चौकटीला धरलं.

"...डावीकडे, वरच्या बाजूला... जुनाच असणार, आपल्याच लक्षात आलं नाही..." काप उलटले, पुन्हा चर्र झालं. "...सगळं करून बघितलं, आता काही जायचा नाही... तुमचा जीव आहे, माहितीय मला... पण मन घट्ट करा..." झाऱ्याने तेल निथळलं. "...आणि सरळ दुसरी आणा."

मग ती वळली. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर, खरं सांगतो, हसू होतं. "कळलं ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मी गॅलरीत गेलो. आई मटार सोलत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. असा मी शाळेत नापास झालो त्या दिवशी बसलो होतो.

"आई, फोटोत डाग आहे."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोण म्हणालं?"

"तीच. हसत सांगत होती गं. म्हणाली, मन घट्ट करा आणि दुसरी आणा."

"दुसरी काय?"

"बायको."

आईने ती शेंग न सोलताच खाली ठेवली. मग म्हणाली, "तुला कोण देणार?" आणि एवढं बोलून पदर डोळ्यांना लावून रडायला लागली.

आम्ही ठरवलं, की तिच्यासमोर तोंड पाडायचं नाही. ती जर इतकी धीराने घेत असेल, तर आपण रडून तिला खचवायचं नाही. खोदून खोदून विचारायचंही नाही; सांगायचं तेवढं तिने सांगितलंच होतं. आम्ही हे अगदी कुजबुजत ठरवलं, पण समोरच्या काकूंची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून आहे आणि काकूंना कुजबुज जास्त नीट ऐकू येते.

त्या रात्रीच्या जेवणात मी बटाट्याचे काप तीनदा मागून घेतले. भूक अजिबात नव्हती, पण ते तिने केले होते.

रविवारी सकाळी मी लवकर उठून घर झाडलं, भांडी घासली आणि चहा केला. त्यात घरात मुबलक असल्यामुळे बहुधा मीठ पडलं. बायकोने एक घोट घेतला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "काय घोळ घातलाय तुम्ही?"

"काही नाही. तू बस. उठू नकोस."

"का? उठून काय झालं?"

तेवढ्यात काकू सूपचं भांडं घेऊन आल्या. ते ओट्यावर ठेवून त्यांनी बायकोला घट्ट मिठी मारली आणि "तू काळजी करू नकोस गं" म्हणून तशाच परत गेल्या. मग तळमजल्यावरच्या शिक्षिका फळं देऊन गेल्या. बायको दारात फळांची पिशवी घेऊन उभी राहिली. "आज काय आहे?" तिने मला विचारलं. "कुणाचा वाढदिवस विसरले का मी?"

मग नियमावली आले. सभेची वेळ झाली होती, म्हणून मी चपला घालायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. नेहमीची चामडी फाईल काखेत नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"सभा रद्द केली आहे," ते माझ्याऐवजी पायपुसण्याला म्हणाले. "चिमणी राहू द्या. कायमची. हवी तेव्हा, हव्या त्या बटणावर लावा."

"पण आवाज..." बायको म्हणाली.

"आवाजाचं काय एवढं, वहिनी? आम्ही कापूस घालू." आणि ते पाठ फिरवून जिन्याकडे वळले. नियमांचं अख्खं पुस्तक तोंडपाठ असलेला तो माणूस जिना चढताना दोनदा थांबला. मला त्यांच्याबद्दल आजवर जे जे वाटत आलं होतं, त्याची लाज वाटली. चिमणीचा प्रश्न सुटला होता आणि मला काडीचाही आनंद झाला नव्हता.

बायकोने दार लावलं, कमरेला पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेली. तिने पदर खोचला म्हणजे घरात काहीतरी होणार असतं. तिने तेल तापवलं, मिरच्या टाकल्या, तिसरं बटण दाबलं. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिची पाठ, मानेवरचा सुटलेला अंबाडा, झारा धरलेला हात, सगळं नेहमीचंच होतं. या सगळ्याच्या जागी दुसरं कुणी, असं मनात आलं आणि माझा बांध फुटला. तिला ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी बोललो, आणि आवाजावर मात करायची इतक्या आठवड्यांची सवय असल्यामुळे बेंबीच्या देठापासून ओरडून बोललो.

"मला दुसरी नको! डाग असला तरी चालेल! मला तूच हवी आहेस! मला दुसरी—"

वीज गेली.

चिमणी थांबली, फ्रिज थांबला, सगळ्या इमारतीतले पंखे थांबले. त्या शांततेत माझं "—नको!" एकटंच खिडकीतून बाहेर गेलं आणि समोरच्या इमारतीवर आपटून परत आलं.

बायको वळली. "कसला डाग?"

"तुझा."

"माझा कुठला?"

"छातीतला. डावीकडे, वर. काल तूच म्हणालीस."

तेवढ्यात मिरचीचा धूर पसरला आणि ती खोकली. मी तिची पाठ चोळायला लागलो. "अहो, ठसका आहे तो, मिरचीचा!" तिने शेगडी बंद केली, मला बाजूला सारलं, आतल्या खोलीत गेली आणि माझा पांढरा शर्ट घेऊन आली. आवडता शर्ट. डाव्या बाजूला, खिशाच्या वर, लाल शाईचा भला मोठा डाग होता.

"हा डाग! काल घासून घासून बोटं गेली माझी. मी म्हणाले, खूप जीव आहे तुमचा त्याच्यावर, पण मन घट्ट करा आणि दुसरा आणा."

"दुसरी म्हणालीस."

"दुसरा! शर्ट! शर्टाला दुसरी कोण म्हणतं? तुम्ही पुस्तकं तपासता ना?"

हे वाक्य मी या चिमणीपायी दुसऱ्यांदा ऐकत होतो, पण या वेळी मला ते अजिबात लागलं नाही. "मग डॉक्टर?" मी विचारलं.

"डॉक्टरांचं तर आधीच सांगितलं होतं, तुम्ही दारात आल्या आल्या. छाती स्वच्छ आहे म्हणाले. साधी सर्दी मुरलीय, औषध दिलंय. मी विचारलं कळलं ना, तर तुम्ही हो म्हणालात!"

"परत सांग."

"औषध दिलंय."

"त्याच्या आधीचं."

"छाती स्वच्छ आहे."

"डाग?"

"नाही हो. काही नाही. डाग नाही."

मी आईच्या स्टुलावर बसलो. आई दारात येऊन उभी होती. ती सुनेजवळ गेली, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मेल्या, रात्रभर माझा डोळा लागला नाही." बायको आधी हसली, मग ही बातमी तिच्याआड कुणाकुणापर्यंत पोहोचली याचा हिशोब तिच्या डोक्यात लागला आणि ती संतापली. "म्हणून ते सूप? ती फळं? अहो, मी सगळ्यांना हसून थँक्यू म्हणत होते! लोक काय म्हणाले असतील, किती धीराची बाई!"

"म्हणत होतेच," आई म्हणाली.

तेवढ्यात खिडकीतून, वरच्या मजल्यावरून, घसा खाकरल्याचा आवाज आला. वीज नसल्यामुळे नियमावली खिडकीत बसले असावेत. "आम्हाला सगळं ऐकू आलं," ते वरून म्हणाले. कायमची दिलेली परवानगी आता कुठल्या नियमाखाली परत घेतात, याची मी वाट पाहत होतो. मग पुन्हा खाकरणं झालं.

"फार बरं वाटलं, वहिनी," नियमावली म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

पाठोपाठ वीज आली. बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे चिमणी एकदम तिसऱ्यावर गरजायला लागली, वाट्या थरथरायला लागल्या. त्या गडगडाटात बायको माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मी हो म्हणालो नाही. उठलो, हात वर करून बटण बंद केलं आणि विचारलं, "काय म्हणालीस?"

"रडताय कशाला, म्हटलं."

"धूर," मी म्हणालो.

"मग लावा की ती चिमणी," ती म्हणाली, आणि माझ्याच त्या डागाच्या शर्टाने स्वतःचे डोळे पुसायला लागली.